ज्यू प्रथांविषयी छापताना: आज्ञा कोणती, नियम कोणता आणि चाल कुणाची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की मराठी वृत्तपत्रांत आणि पुरवण्यांत ज्यू सणांवर, विशेषतः कोकणातल्या बेने इस्रायल समाजावर, हमखास लेख येतात. हेतू चांगला असतो, फोटो देखणे असतात आणि चुकाही जवळजवळ ठरलेल्या असतात. मलिद्याला, म्हणजे देवाचे आभार मानायच्या बेने इस्रायली विधीला, ‘ज्यूंचा सत्यनारायण’ म्हणून टाकतात. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाला, ‘हार्दिक शुभेच्छा’ छापून येतात. ‘पारंपरिक ज्यू मटण’ म्हणून दह्यात मुरवून तुपावर परतलेल्या मटणाची कृती दिली जाते. सणाची तारीख एक दिवस पुढेमागे होते. हे वाचून लोक ज्यू शेजाऱ्यांना, सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनागृहाच्या) हझानला, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याला, किंवा आपल्याच वृत्तपत्राला प्रश्न विचारतात आणि उत्तरे येतात तीही तितकीच अर्धवट.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गफलत आहे. ज्यू धर्मात ‘हे का करतात?’ या प्रश्नाला तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून उत्तर येऊ शकते: तोरातली, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतली, आज्ञा, रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, पुढच्या शतकांत घातलेला नियम, किंवा एखाद्या गावाची वा समाजाची पिढीजात चाल. तिन्ही पाळल्या जातात, पण तिन्हींचे वजन सारखे नाही. चाल दोन घरांत वेगळी असू शकते, आज्ञा असू शकत नाही. लेखात तिन्ही एका ओळीत आली की कोकणातली चाल जगभरच्या ज्यूंच्या माथी मारली जाते, किंवा न्यूयॉर्कच्या ज्यूंची चाल अलिबागच्या माथी.

दूध आणि मांस यांचेच घ्या. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ हे वाक्य तोरात तीनदा येते: निर्गम २३:१९, निर्गम ३४:२६ आणि अनुवाद १४:२१. ही आज्ञा झाली. कोंबडीला आईचे दूध नसतेच, तरी चिकनमध्ये दही चालत नाही. तो रब्बींचा नियम, घोटाळा होऊ नये म्हणून घातलेले कुंपण. मांस खाल्ल्यावर दुधाचा चहा किती वेळाने घ्यायचा, ही चाल. बऱ्याच समाजांत सहा तास थांबतात, जर्मन ज्यूंत तीन, डच ज्यूंत एक. मासा मात्र मांसात धरला जात नाही. ‘ज्यू लोक जेवणानंतर सहा तास दूध पीत नाहीत’ असे सरसकट छापणे म्हणून चुकीचे.

कोकणातल्या ज्यू स्वयंपाकाची गंमत इथेच आहे आणि ती लेखांतून नेमकी निसटते. मटणाला दाटपणा हवा, दही-साय वर्ज्य, म्हणून नारळाचे दूध. आंबटपणाला चिंच किंवा कोकम. फोडणीला तेल, तूप नाही, कारण तूप हा दुधाचाच पदार्थ. नव्या वर्षाच्या सणाला करतात तो चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच आटवतात, त्यामुळे मटणाच्या जेवणानंतर तो बिनदिक्कत वाढता येतो. पाककृती छापताना ‘आवडीनुसार एक चमचा साजूक तूप’ ही ओळ घातली की सगळा पदार्थच बाद होतो.

मांस कोशेर, म्हणजे ज्यू नियमांप्रमाणे खाण्याजोगे, करण्याची कृतीही अनेकदा ‘मिठाच्या पाण्यात ठेवतात’ एवढ्यावर उरकली जाते. प्रत्यक्षात असे आहे. योग्य रीतीने कापलेल्या जनावराचे मांस आधी अर्धा तास साध्या पाण्यात बुडवून ठेवतात. मग निथळून सगळ्या बाजूंनी मीठ लावून तासभर उतरत्या फळीवर किंवा जाळीवर ठेवतात, म्हणजे सुटणारे रक्त खाली वाहून जाते. त्यानंतर तीनदा धुतात. मीठ मध्यम जाड हवे. अगदी बारीक मीठ मांसावरच विरघळते आणि रक्त ओढत नाही, फार मोठे खडे घरंगळून पडतात. सपाट ताटात ठेवले तर मांस सुटलेल्या रक्तातच भिजत राहते, म्हणजे केलेली मेहनत वाया. कापल्यापासून बहात्तर तासांच्या आत हे व्हावे लागते. काळजात, म्हणजे यकृतात, रक्त इतके असते की त्याला मीठ पुरत नाही, ते विस्तवावर भाजावेच लागते.

माशांचा नियम सोपा: पर आणि खवले दोन्ही हवेत, आणि खवला कातडी न फाटता सुटला पाहिजे. रावस, बांगडा, सुरमई, पापलेट चालतात. पापलेटचे खवले बारीक असतात आणि जाळ्यातच बरेचसे गळतात, म्हणून ‘त्याला खवले नसतात’ असा समज आहे, तो बरोबर नाही. कोळंबी, शेवंड, खेकडे, तिसऱ्या, कालवे, माकुल चालत नाहीत. मुशी, वाम आणि शिंगाळाही नाही. बाजारात कातडी काढलेले तुकडे घेतले तर मासा कोणता हे सिद्ध करता येत नाही, म्हणून पाळणारे लोक कातडीसकट तुकडा मागतात. बेने इस्रायलींच्या परंपरेत दाविद राहबी नावाच्या शिक्षकाची गोष्ट आहे. त्याने मिसळ मासळी दिली आणि बायकांनी बिनखवल्याची मासळी बाजूला काढली, त्यावरून त्याने या लोकांना ओळखले. त्याचा काळ कोणता यावर अभ्यासकांचे एकमत नाही. लेखांत मात्र तो कधी अकराव्या शतकात, कधी अठराव्या शतकात ठामपणे बसवलेला असतो. ‘परंपरा सांगते’ एवढे दोन शब्द घातले की काम भागते. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून बेने इस्रायलींचे पूर्वज असलेली सात जोडपी वाचली, या कथेलाही हेच लागू.

‘शाकाहारी म्हणजे कोशेर’ हे आणखी एक गृहीतक. पालेभाजीतली अळी कोशेर नसते. मेथी, पालक, फुलकोबी मिठाच्या पाण्यात ठेवून, झटकून, उजेडात पाहून मगच वापरतात. अंड्यात रक्ताचा ठिपका दिसला तर ते टाकून देतात, म्हणून अंडी एकेक करून वाटीत फोडायची पद्धत. ज्यू पाहुणा घरी येणार असेल तर न कापलेली फळे आणि काचेच्या पेल्यातला बिनदुधाचा चहा बहुतेकांना चालतो. पण कोण किती पाळतो हे माणसागणिक बदलते, तेव्हा सरळ विचारावे. त्यात कुणाला वाईट वाटत नाही.

आता तारखा. ही दुरुस्ती ‘दिनविशेष’ लिहिणाऱ्यांसाठी. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, बेने इस्रायलींचा नव्याचा सण, २०२६ मध्ये १२ आणि १३ सप्टेंबरला आहे, पण सुरुवात शुक्रवारी ११ तारखेच्या संध्याकाळी. केवळ ‘१२ सप्टेंबर’ छापले तर वाचक बारा तारखेच्या संध्याकाळी शुभेच्छा द्यायला जातो, तेव्हा अर्धा सण उलटलेला असतो. त्या वर्षी पहिला दिवस शनिवार आहे, म्हणून रूढ पंथाच्या सिनेगॉगमध्ये त्या दिवशी शोफार, म्हणजे एडक्याचे शिंग, वाजणार नाही. ते रविवारी वाजेल. शोफारचा फोटो हवा म्हणून शनिवारी सकाळी छायाचित्रकार पाठवणाऱ्या संपादक-विभागाने हे आधीच टिपून ठेवावे. तसाही शनिवारी आणि सणाच्या दिवशी आत फोटो काढू देत नाहीत.

मराठी वाचकाला हे पंचांग समजावणे खरे तर सोपे आहे, कारण आपले पंचांगही चांद्र महिन्यांचे आणि अधिक मासाचे. फरक अधिक महिना ठरवण्यात आहे. आपला अधिक मास संक्रांत न आलेल्या महिन्यावरून ठरतो आणि दर वेळी वेगळा महिना अधिक होऊ शकतो. हिब्रू पंचांगात एकोणीस वर्षांच्या चक्रात सात वेळा, म्हणजे तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, अकराव्या, चौदाव्या, सतराव्या आणि एकोणिसाव्या वर्षी, तीस दिवसांचा जादा महिना येतो आणि तो नेहमी अदारच असतो. शिवाय रोश हशाना रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ देत नाहीत, म्हणून कधी कधी अमावास्येनंतर एखादा दिवस ढकलतात. बुधवार-शुक्रवार टाळले नाहीत तर योम किप्पूर शुक्रवारी किंवा रविवारी पडून शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिनाला, चिकटेल, आणि लागोपाठ दोन दिवस ना स्वयंपाक, ना दफन.

म्हणून ‘ज्यू नववर्ष घटस्थापनेच्या सुमारास येते’ हे वाक्य दर वर्षी तसेच उचलून छापता येत नाही. २०२५ मध्ये ते खरे होते: २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच संध्याकाळी रोश हशाना सुरू. २०२६ मध्ये आपला अधिक ज्येष्ठ मे-जूनमध्ये येऊन गेलेला असेल, हिब्रू अधिक महिना मात्र फेब्रुवारी-मार्च २०२७ मध्ये यायचा असेल. त्यामुळे त्या वर्षी रोश हशाना गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी आहे, आणि सुक्कोथ हा मांडवांचा सण कोजागरीऐवजी भाद्रपद पौर्णिमेला. पुरीम हा ज्यू सण आणि होळी मात्र सहसा एकाच पौर्णिमेच्या आसपास असतात. जुन्या बेने इस्रायली घरांत पुरीमला होळीचा सण म्हणत ते उगीच नाही.

शब्बाथच्या दिव्याची वेळही इथलीच छापावी. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास होतो, म्हणजे वर्षभरात वेळ तासाहून अधिक सरकते. बऱ्याच समाजांत सूर्यास्ताच्या अठरा मिनिटे आधी दिवा लावतात, जेरुसलेममध्ये चाळीस मिनिटे आधी लावायची चाल आहे. इस्रायलच्या संकेतस्थळावरून वेळ उचलली तर ती ठाण्यात दोन्ही अर्थांनी चुकीची ठरते. शनिवारी काम बंद, ही गोष्ट कोकणाने या लोकांच्या नावातच नोंदवली आहे. तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेसाठी, द्राक्षाचा रस लागतो. कोकणात द्राक्षे नव्हती, म्हणून काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, कुस्करून, गाळून सरबत करतात. याला शास्त्राचा आधार आहे, ही काही गरिबीतली पळवाट नव्हे. मात्र मनुका पाण्याच्या मानाने फार कमी पडल्या तर तो द्राक्षरस ठरत नाही, नुसते गोड पाणी ठरते, आणि त्यावर द्राक्षरसाचा आशीर्वाद म्हणता येत नाही. साधारण पाव किलो मनुकांना पाऊण लिटर पाणी घेतले तर चव आणि नियम दोन्ही सांभाळले जातात.

मलिद्यावर जरा थांबायला हवे, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याविषयीच आहेत. मलिदा ही चाल आहे, तोरातली आज्ञा नाही, आणि ती बेने इस्रायलींची आहे. मुंबईच्या बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या, ज्यूंत ती नव्हती. लग्न, मुलाचा जन्म, नवे घर, परदेशप्रवास, फेडायचा नवस, अशा प्रसंगी एलियाहू हन्नबीची आठवण करून देवाचे आभार मानतात. ताटापुढे मूर्ती नसते, तसबीर नसते, नैवेद्य दाखवणे नसते. एलियाहू संदेष्टा आहे, त्याची पूजा होत नाही. हिब्रूतून एलियाहूचे गीत म्हणतात, तोरातले आशीर्वादाचे उतारे वाचतात, मग ताटातला एकेक पदार्थ उचलून त्याचा त्याचा आशीर्वाद म्हणून खातात.

इथे चालीच्या आत नियम दडलेला आहे. खजूर झाडाचे फळ, त्याला एक आशीर्वाद. केळे मात्र जमिनीच्या पिकात धरले जाते, कारण केळीचे खोड दर वेळी नव्याने वाढते आणि ते खरे झाड नव्हे, म्हणून त्याला वेगळा आशीर्वाद. गुलाबाचा किंवा सबज्याचा वास घेताना सुवासाचा तिसराच. ताटात पाच फळे हवीत की सात, हे घराघरावर आहे. पण केळे आणि खजूर दोन्ही असतात ते वेगवेगळे आशीर्वाद म्हणायला मिळावेत म्हणून. ‘रंगसंगतीसाठी हंगामी फळे’ असे एका लेखात वाचून हसावे की रडावे कळेना.

कृती सांगायची तर वीस-पंचवीस माणसांना एक किलो जाडे पोहे, तीन नारळांचा चव, अर्धा किलो साखर, मूठभर बेदाणे, काजू-बदामाचे काप, दहा-बारा वेलदोड्यांची पूड आणि किंचित जायफळ. पोहे भिजत घालू नयेत. चाळणीत घेऊन वरून पाणी सोडावे आणि पंधरा मिनिटे झाकून ठेवावेत. भिजत ठेवलेल्या पोह्यांचा लगदा होतो आणि नारळ घातल्यावर गोळे बनतात. साखर सर्वांत शेवटी, वाढायच्या अर्धा तास आधी घालावी, कारण ती पाणी सोडते. कोकणातल्या उकाड्यात खवलेला नारळ दोन-तीन तासांत आंबूस होऊ लागतो, म्हणून प्रार्थना लांबणार असेल तर पोहे आणि नारळ वेगळे ठेवून आयत्या वेळी कालवावेत. दूध किंवा तूप यात पडत नाही, कारण पुढे बहुधा मटणाचे जेवण असते.

तू बिश्वातला, म्हणजे शेवात या हिब्रू महिन्याच्या पौर्णिमेला, अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे येथे एलियाहू हन्नबीच्या टाप्याला लोक जमतात आणि मलिदा करतात. खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या मानल्या जातात. हे खंडाळे म्हणजे लोणावळ्याशेजारचे खंडाळा नव्हे, हेही एकदा छापावे. दर वर्षी कुणी ना कुणी चुकीच्या घाटात पोचतो.

वल्हांडणाबद्दल, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या पेसाख सणाबद्दल, दोन गोष्टी. इस्रायलबाहेर तो आठ दिवसांचा आणि पहिल्या दोन्ही रात्री सेदेर, म्हणजे सणाचे विधिपूर्वक जेवण. इस्रायलमध्ये सात दिवस आणि एकच सेदेर. दिमोना किंवा अश्दोदला राहणारा भाऊ आणि ठाण्याला राहणारी बहीण यांचा सण म्हणून एक दिवसाच्या फरकाने संपतो, आणि दोघांचेही बरोबर असते. योम किप्पूर मात्र सगळीकडे एकच दिवस आणि रोश हशाना सगळीकडे दोन. दुसरी गोष्ट भाताची. गहू, जव आणि त्या गटातली पाच धान्ये आंबवलेली चालत नाहीत, ही आज्ञा. मात्झाच्या, म्हणजे बिनखमिराच्या पोळीच्या, पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत ती भाजून निघाली पाहिजे, हा नियम. तांदूळ आणि कडधान्ये वर्ज्य करणे ही युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची चाल. आपल्याकडच्या ज्यूंनी ती कधी घेतली नाही. ते भात खातात, मात्र गव्हाचा दाणा राहू नये म्हणून तांदूळ तीनदा निवडून. परदेशी मजकुराच्या भाषांतरातून ‘पेसाखला भात निषिद्ध’ असे मराठीत येते तेव्हा पनवेलच्या आजीला नातवंडे विचारतात, तू इतकी वर्षे चुकीचे खात होतीस का? नव्हती. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हगादाच्या, म्हणजे सेदेरला वाचायच्या पुस्तकाच्या, चित्रांत साड्या नेसलेल्या बायका मात्झा करताना दाखवल्या आहेत. इथल्या लोकांना आपला सण आपल्या रीतीने कसा करायचा हे तेव्हाही पुरते ठाऊक होते.

लग्नातही हाच पेच. केथुबा, म्हणजे लग्नाचा करार, नात्यात नसलेले दोन साक्षीदार आणि अंगठी किंवा तशी मोलाची वस्तू, याशिवाय धार्मिक लग्न होत नाही. पेला फोडणे ही जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाची आठवण, जगभर रुजलेली चाल. नवरी सिनेगॉगमध्ये येताना नवऱ्याने तिच्यासाठी ‘योनती झिव’ हे हिब्रू गीत म्हणणे ही बेने इस्रायलींची खास चाल आहे. मेंदी आणि पूर्वापार घातले जाणारे मंगळसूत्र इथल्या मातीतले. ‘हिंदू प्रथांचे मिश्रण’ असा मथळा देताना कोणता भाग कुठला हे सांगितले नाही, तर सगळे लग्नच उसने वाटते.

या वर्गीकरणाला केवळ अभ्यासाचे मोल नाही. १९६२ च्या सुमारास इस्रायलमध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायलींच्या लग्नांआधी पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले, कारण इथल्या घटस्फोटाच्या आणि विवाहाच्या रीती त्यांच्या नियमांत बसतात की नाही याची शंका. निदर्शने झाली, धरणी झाली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत असे जाहीर केले, तेव्हा प्रकरण निवळले. चालीविषयी बेपर्वाईने दिलेले उत्तर माणसांच्या लग्नापर्यंत पोचते ते असे.

त्यामुळे आपल्या वृत्तपत्राने वाचकांच्या प्रश्नोत्तरांना जागा दिली तर आनंदच आहे, पण काही पथ्ये पाळावीत. प्रश्न घेतानाच विचारावे: बेने इस्रायल, बगदादी, कोचीनचे की परदेशी ज्यूंविषयी? डेव्हिड ससून बगदादी होते. पुण्याचे लाल देऊळ आणि भायखळ्याचे मागेन डेव्हिड ही त्यांनी बांधलेली प्रार्थनास्थळे. मुंबईचे सर्वांत जुने शआर हाराहमीम मात्र १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले, आणि ते बेने इस्रायलींचे. ‘मुंबईचे ज्यू’ म्हणून दोघांना एकत्र बांधले की मराठी बोलणारा समाज ससूनच्या सावलीत गडप होतो. रूढ पंथ की सुधारक, हेही विचारावे. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये सुधारक पंथाची ज्यूइश रिलिजस युनियन सुरू झाली, आणि प्रार्थनेला लागणाऱ्या किमान दहा जणांत बायका मोजायच्या की नाही याचे उत्तर पंथाप्रमाणे बदलते.

उत्तर देणाऱ्याने प्रत्येक वाक्याशी आज्ञा, नियम की चाल हे सांगावे, चाल असेल तर कोणाची तेही. दोन उत्तरे बरोबर असतील तर दोन्ही छापावीत. ज्यू परंपरेत मतभेदासकट नोंद ठेवण्याची जुनी रीत आहे, रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमुदाची पाने त्यानेच भरलेली आहेत. हिब्रू शब्द देवनागरीत एकाच पद्धतीने लिहावेत. आज ‘शब्बात’, उद्या ‘सॅबथ’, परवा ‘शब्बाथ’ असे झाले की वाचकाला ती तीन वेगळी व्रते वाटतात. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. तिथली मराठी रूपे तयार आहेत, इंग्रजीवरून नवी घडवायची गरज नाही.

काही प्रश्न छापील उत्तरासाठी नसतातच. आजारी माणसाने योम किप्पूरचा पंचवीस तासांचा निर्जळी उपवास करावा का, याला सामान्य उत्तर एवढेच की जीव धोक्यात असेल तर खाणे हीच आज्ञा. पण मधुमेहाच्या एखाद्या रुग्णाला ते लागू आहे का, हे त्याचा डॉक्टर आणि त्याचा रब्बी ठरवतील. घटस्फोट, धर्मांतर, ‘माझी आजी ज्यू होती, मी ज्यू ठरतो का’ हे प्रश्नही नाव-गाव घेऊन जाणकाराकडे पाठवावेत. धर्मांतराबाबत ज्यू धर्म कुणाला बोलावत नाही, उलट येणाऱ्याला आधी परतवतो. दीर्घ अभ्यास आणि रब्बींच्या मंडळापुढची परीक्षा असते. ‘अर्ज कुठे मिळेल’ अशा प्रश्नाला उत्तर नाही.

सिनेगॉगमध्ये जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: पुरुषांनी डोके झाकावे, रुमालही चालतो. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घालावेत. शनिवारी मोबाइल बंद करून बाहेर ठेवावा, आत लिहूही नये. तोराच्या गुंडाळीला हात लावू नये. कोकणातली बरीच सिनेगॉग दहा पुरुष जमत नाहीत म्हणून एरवी बंद असतात, तेव्हा आधी विचारून जावे.

शुभेच्छांचे म्हणाल तर नव्या वर्षाला ‘शाना तोवा’. योम किप्पूरला, म्हणजे दारफाळणीच्या सणाला, ‘गमार हतिमा तोवा’. आव महिन्याच्या नवमीला, बिरड्याच्या रोजाला, काहीही नाही. तो शोकाचा दिवस आहे. त्या दिवशी बिरड्याच्या पाककृतीवर ‘झणझणीत मेजवानी’ असा मथळा देऊ नये.

शेवटी निधनवृत्ते. ज्यू मृताच्या नावापुढे ‘कै.’ लावू नये, ‘दिवंगत’ लिहावे. अग्निसंस्कार नसतो, दफन असते आणि ते शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच दिवशी, पण शनिवारी कधीच नाही. म्हणून ‘अंत्यदर्शनासाठी दोन दिवस’ असे गृहीत धरून बातमी राखून ठेवू नये. साधे पांढरे सुती कफन असते. कबरीवर फुलांऐवजी छोटा दगड ठेवण्याची रीत आहे. दफनानंतर सात दिवस घरचे लोक खाली बसतात. भेटायला जाणाऱ्याने आपणहून बोलायला सुरुवात करू नये, घरच्यांनी बोलावे मग उत्तर द्यावे. आरसे झाकलेले असतात, त्याबद्दल विचारू नये. डबा न्यायचा असेल तर आधी फोन करावा. शोकसभेची वेळ छापताना शुक्रवार दुपार ते शनिवार रात्र टाळावी, आणि ‘दशक्रिया’ हा शब्द सवयीने पडला असेल तर मुद्रितशोधकाने तो काढावा.

आपले,
बेने इस्रायल समाजातले काही वाचक,
ठाणे व अलिबाग